उसाच्या रसात विरघळणाऱ्या गोळ्या : एन्झाइम जखडून ठेवायचं, पण कशात?

उसाचं_पेर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एकाच जागी अडकलेय, म्हणून हा धागा.

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांपासूनचं. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, सध्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. वडील गुळाबरोबर काकवीही बाटलीत भरून विकतात. तक्रार दरवर्षीची एकच : दोन महिन्यांत बाटलीच्या बुडाला साखरेचे खडे धरतात. गिऱ्हाईक म्हणतं, भेसळ केली. भेसळ नसते, काकवीतली सुक्रोज साखर स्फटिक होऊन बसते. थोडी सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाली की स्फटिक धरत नाहीत. हे काम इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम (पाठ्यपुस्तकातलं विकर) अगदी सौम्यपणे करतं, आणि बेकरीतल्या यीस्टमध्ये ते भरपूर असतं.

पहिल्यांदा मी सरळ यीस्टच रसात घातलं. साखर फुटली, पण काकवीला पावाचा वास आला. वडिलांनी चमचा तोंडात घातला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. तेव्हा ठरवलं की यीस्ट रसात मोकळं सोडायचं नाही, गोळ्यांत कोंडायचं.

१०० मिली पाण्यात अडीच ग्रॅम सोडियम अल्जिनेट, त्यात ५ ग्रॅम यीस्ट. हे मिश्रण सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात (लिटरला ३० ग्रॅम) सोडलं. थेंब पाण्यात पडला की जागीच गोळी होते, साबुदाण्यासारखी. अर्धा तास मुरवून धुतल्या. दहा टक्के साखरेचं पाणी, अॅसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ४.५, तापमान ५० अंश, वेळ २० मिनिटं. त्याच गोळ्या गाळून दहा वेळा वापरल्या. दहाव्या फेरीलाही पहिल्याच्या ९० टक्के काम! त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

मग त्याच पद्धतीच्या ताज्या गोळ्या आमच्या घाण्यावरच्या रसात टाकल्या. तिसऱ्या फेरीला बुळबुळीत झाल्या, पाचव्या फेरीला चाळणीत नुसता गाळ उरला. रस, यीस्ट, जेल सगळं एकात एक. साखरेच्या पाण्यात दहा फेऱ्या आणि रसात चार, असं का व्हावं? कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

---

चिपाड | रविवार, रात्री ११:२०

ताई, तुमी शिकल्यालं, मी घाण्यावरचा माणूस. पण इचारतो, राग मानू नगासा. आमी काकवीला सायट्रिक अॅसिड टाकतो. १०० किलोला ४० ग्रॅम. कोल्हापूरच्या गूळ संशोधन केंद्राच्या शिफारशीत हाय ते. खडं धरत न्हाईत. मग ह्यो एवढा कुटाणा कशापायी?

---

उसाचं_पेर | सोमवार, सकाळी ७:०५

चिपाडदादा, राग कशाचा, हाच प्रश्न वडीलही विचारतात. सायट्रिकने काम होतं, नाकारत नाही. पण आम्ल आणि उकळी एकत्र आली की साखर किती फुटेल यावर हात राहत नाही. जाळ जास्त लागला तर फ्रुक्टोजही मोडते आणि काकवी काळपट होते. आमच्या गुळव्या मामांचा हात इतका बसलेला आहे की त्यांच्या काहिलीत हे सहसा होत नाही. ते नसतील त्या दिवशी होतं. मला हवं तेवढंच फुटावं आणि तेही उकळीच्या आधी, एवढीच धडपड.

---

रेझिनवाला | सोमवार, दुपारी १:३०

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी पेनिसिलीनच्या कारखान्यात २६ वर्षं एन्झाइम विभागात होतो, आता निवृत्त होऊन कोल्हापुरात आहे. तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग तुम्ही विचारलेलाच नाही.

आधी गोळ्या का विरघळल्या ते. अल्जिनेट ही समुद्रातल्या तपकिरी शेवाळाची लांब साखळी. दोन साखळ्या शेजारी आल्या की मध्ये खळगे तयार होतात, आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे आयन त्या खळग्यांत बसतात. गोळीचा सगळा घट्टपणा त्या कॅल्शियमवर उभा आहे. ते काढलं की ट्रे सुटे. तुमच्या साखरेच्या पाण्यात कॅल्शियम ओढून नेणारं काही नव्हतं, अॅसिटेट त्या बाबतीत निरुपद्रवी आहे. उसाच्या रसात मात्र फॉस्फेट असतं, अॅकोनिटिक आम्ल असतं, ही दोन्ही कॅल्शियमला धरतात. शिवाय पोटॅशियम भरपूर, ते कॅल्शियमची जागा बळकावतं पण दोन साखळ्यांना बांधू शकत नाही. प्रत्येक फेरीत ताजा रस म्हणजे प्रत्येक फेरीत थोडं थोडं कॅल्शियम गेलं. प्रयोगशाळेत कुणी चुकून फॉस्फेट बफर वापरला तरी हेच होतं, कितीतरी विद्यार्थ्यांच्या गोळ्या अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता न विचारलेला भाग. ती "दहाव्या फेरीला ९० टक्के" ही गोष्ट मला मान्य नाही. २० मिनिटांत पहिल्या फेरीला किती साखर फुटत होती?

---

उसाचं_पेर | सोमवार, रात्री ९:१५

काका, जवळजवळ सगळी. ९५ टक्क्यांच्या वर.

---

रेझिनवाला | सोमवार, रात्री ९:५०

मग तिथेच गफलत आहे. समजा एका खोलीतली पोती उचलायला दहा हमाल लावले आणि त्यांना पूर्ण दिवस दिला. काम दुपारी दोनलाच संपलं. दुसऱ्या दिवशी त्यातले चार आलेच नाहीत, तरी संध्याकाळी खोली रिकामीच दिसणार. तुम्ही संध्याकाळी येऊन फक्त खोली पाहताय.

एन्झाइम गरजेपेक्षा जास्त आणि वेळही जास्त असेल तर निम्मं एन्झाइम मेलं तरी आकड्यात दिसत नाही. पुनर्वापराचे जे सुंदर आलेख छापून येतात, त्यातले कितीतरी याच कारणाने सुंदर असतात. आयुष्यभर हे पाहून मला खरंच वाईट वाटत आलंय, कारण त्या आकड्यांवर विसंबून कुणीतरी पुढे पैसे घालतं. गोळ्या कमी घ्या, वेळ ३ मिनिटं करा, २० ते २५ टक्क्यांच्या वर साखर फुटू देऊ नका. म्हणजे वेग मोजला जाईल. मग पहिली आणि दहावी फेरी शेजारी ठेवा.

आणि एक चाचणी त्याहून सोपी आहे. रस गोळ्यांवरून गाळून घ्या, गोळ्या बाजूला ठेवा, आणि तो गाळलेला रस ५० अंशाला तसाच तासभर ठेवून पुन्हा मोजा. साखर फुटणं थांबलं असेल तर एन्झाइम गोळीत आहे. चालूच असेल तर ते गोळीतून गळून रसात आलंय, आणि तुमची "जखडलेली" यंत्रणा म्हणजे हळूहळू विरघळणारं मोकळं एन्झाइम आहे.

---

मीटरपट्टी | सोमवार, रात्री १०:३०

काकांच्या दुसऱ्या चाचणीला एक जोड. कच्च्या रसात उसाचं स्वतःचं इन्व्हर्टेज असतं! तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडला की गूळ बसत नाही, तो त्याचमुळे. म्हणून गोळ्या न टाकलेला रसही शेजारी तेवढाच वेळ, त्याच तापमानाला ठेवायला हवा. नाहीतर उसाचं काम गोळ्यांच्या खात्यावर जमा होईल.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मोजायला काय वापरताय? फुटलेली साखर रंगावरून मोजायचं ते डीएनएसए?

---

उसाचं_पेर | सोमवार, रात्री १०:४५

हो, डीएनएसए. पाच मिनिटं उकळायचं आणि ५४० नॅनोमीटरला वाचायचं. कंपनीतला स्पेक्ट्रोफोटोमीटर सुट्टीच्या दिवशी वापरायची परवानगी आहे, पण गुऱ्हाळावर बसून रोज करणं जमत नाही. आणि रसाचा स्वतःचा रंग मध्ये येतो.

---

मीटरपट्टी | मंगळवार, सकाळी ८:००

मग घरातला ग्लुकोमीटर घ्या. सुक्रोज त्याला दिसत नाही, ग्लुकोज दिसतो. १८ टक्के साखरेचा रस पूर्ण फुटला तर १०० मिलीला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज होईल, म्हणजे मीटरच्या भाषेत (१०० मिलीला मिलिग्रॅम) साडेनऊ हजार. मीटर साधारण ६०० पर्यंतच वाचतो. म्हणून सलाइनमध्ये शंभरपट पातळ करा, ९५ च्या आसपास आकडा यायला हवा. रक्तात पेशी असतात हे गृहीत धरून मीटर हिशेब करतो, त्यामुळे आकडा शब्दशः घेऊ नका. फेरी १ आणि फेरी १० यातला फरक मात्र कळेल. पट्ट्या एकाच डबीतल्या वापरा.

आणि तुमच्या धाग्याचा विषय त्या पट्टीच्या टोकावरच बसलेला आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज, इलेक्ट्रोडवर सुकवून बसवलेलं. मोकळं, पाण्यातलं एन्झाइम शिरोळच्या मे महिन्यात टपालाने पाठवलं तर किती टिकेल? पट्टी मात्र डबीत महिनोन्महिने काम देते. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडला ग्लुकोज ऑक्सिडेज जोडायची कल्पना मांडली, तिथून हा प्रवास सुरू झाला. सकाळी रिकाम्या पोटी आलेल्या आजीबाईंचं बोट टोचताना मला रोज या गोष्टीचं नवल वाटतं.

---

दूधकट्टा | मंगळवार, दुपारी १२:१०

मस्त धागा. आमच्या गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारे असतात, तसे दूध न पचणारेही असतात. लॅक्टोज-मुक्त दूधही असंच गोळ्यांतून करतात ना? मी डेअरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केलाय, तेव्हा शिकवलं होतं की इटलीत मिलानमध्ये १९७० च्या दशकातच लॅक्टेज (दुधातली लॅक्टोज साखर फोडणारं एन्झाइम) धाग्यांत कोंडून दूध करत होते.

---

रेझिनवाला | मंगळवार, दुपारी ३:४०

बरोबर, सेल्युलोज ट्रायअॅसिटेटच्या पोकळ्या असलेल्या धाग्यांत. पण आज बाजारात मिळणारं लॅक्टोज-मुक्त दूध बहुतेक ठिकाणी मोकळं लॅक्टेज घालूनच करतात. दुधात प्रथिनं, स्निग्धांश, जंतूंना पोषक सगळंच. स्तंभ, म्हणजे जखडलेल्या एन्झाइमने भरलेली उभी नळी, रोज निर्जंतुक ठेवायचा म्हणजे जीव जातो. चीजच्या निवळीसाठी, म्हणजे व्हेसाठी, जखडलेलं लॅक्टेज जास्त सोयीचं.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. एन्झाइम जखडणं हे प्रत्येक ठिकाणी शहाणपणाचं नसतं. कुठे असतं ते आमच्या धंद्यावरून सांगतो.

अॅम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन बनवायला ६-एपीए लागतं. पेनिसिलीन जी ची एक बाजू छाटली की ते मिळतं. पूर्वी हे रसायनांनी करायचे : उणे ४० अंश तापमान, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, क्लोरीनयुक्त द्रावक. पेनिसिलीन अॅसायलेज हे एन्झाइम तेच काम पाण्यात, ३५ अंशांच्या आसपास, पीएच ८ च्या जवळ करतं. पण ते महाग. एकदा वापरून गटारात सोडणं परवडणारच नाही. रेझिनच्या मण्यांवर पक्क्या रासायनिक बंधांनी बसवलं की शेकडो फेऱ्या निघतात. शिवाय औषधात एन्झाइमचं प्रथिन उरत नाही, हे रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं, कारण परक्या प्रथिनाची अॅलर्जी होऊ शकते. आज जगातलं बहुतेक ६-एपीए असंच बनतं.

तिथे एक रात्र मी विसरत नाही. छाटणी होताना फेनिलअॅसिटिक आम्ल सुटतं, पीएच खाली येतो, म्हणून सतत अल्कली सोडावी लागते. रात्रपाळीला अल्कलीच्या पंपाचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. मीटरवरचा पीएच फार बिघडलेला दिसत नव्हता, कारण तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला होता. जिथे अल्कलीची धार पडत होती तिथले मणी मात्र पोळले. पहाटे मणी हातात घेतले तर दिसायला अगदी धडधाकट, पांढरे, टणक. कामाला शून्य. शेकडो फेऱ्या टिकणारा माल एका रात्रीत गेला. मणी शाबूत म्हणजे एन्झाइम शाबूत असं नव्हे, हे त्या पहाटे मी शिकलो.

---

सूतगिरण | मंगळवार, रात्री ८:२०

इचलकरंजीहून. आमच्या प्रोसेसमध्ये अॅमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, रोज लागतं. सायझिंगला ताण्याच्या सुतावर स्टार्च चढवतात, रंगवण्याआधी ते डिसायझिंगमध्ये काढावं लागतं. सगळं एन्झाइम शेवटी पाण्यात जातं. धागा वाचून डोक्यात आलं की हेही मण्यांवर बसवून परत परत वापरता येईल का?

---

रेझिनवाला | मंगळवार, रात्री ९:००

साहेब, तिथे नाही जमायचं, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. तुमचं स्टार्च कापडावर चिकटलेलं, घन. एन्झाइमही मण्यावर चिकटलेलं, घन. दोन घन वस्तू फक्त जिथे टेकतात तेवढ्यातच काम. मोकळं अॅमायलेज सुताच्या पिळात शिरतं, मणी कसा शिरणार? ज्याच्यावर काम करायचं ते विरघळलेलं हवं, लहान रेणू हवा, म्हणजे ते मण्याच्या छिद्रांतून आत एन्झाइमपर्यंत जाईल. शिवाय अॅमायलेज स्वस्त. इंडस्ट्रीत ते मोकळंच वापरतात ते योग्यच आहे.

तुमच्या सांडपाण्यातला रंग ही वेगळी गोष्ट. तो विरघळलेला असतो. लॅकेज नावाचं बुरशीतलं एन्झाइम काही रंग मोडतं आणि ते आधारावर बसवून बरंच संशोधन झालंय. पण प्रत्यक्ष सांडपाण्यात मीठ, अल्कली, उष्णता सगळंच असतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर जाऊ नका. स्वतःचं पाणी घेऊन करून बघा.

---

सूतगिरण | मंगळवार, रात्री ९:२५

समजलं सर. पंचगंगेचं पाणी आम्ही पण पितो, म्हणून विचारलं. आभारी आहे.

---

दूधकट्टा | बुधवार, सकाळी १०:००

एक मूलभूत प्रश्न. बांधून घातल्यावर एन्झाइम जास्त टिकतं ते का? बांधल्यावर तर त्याची हालचाल कमी व्हायला हवी, काम बिघडायला हवं.

---

रेझिनवाला | बुधवार, सकाळी ११:४५

दोन्ही होतं. एन्झाइम ही ठरावीक घडी घातलेली प्रथिनाची साखळी. उष्णतेने घडी उलगडली की काम संपलं. मण्याशी ती चार-पाच ठिकाणी बांधली गेली तर उलगडायला वावच राहत नाही. आणि एकमेकांपासून दूर बसल्यामुळे उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. पण नेमक्या ज्या खाचेत काम चालतं तिच्याजवळच बंध पडला तर ते एन्झाइम पहिल्याच दिवशी निकामी. म्हणून बसवल्यावर कार्यशक्ती काही प्रमाणात घटतेच. टिकाऊपणा मिळवायला वेग मोजावा लागतो, हा व्यवहार मान्य करूनच उतरायचं.

आधार कोणता यानेही फरक पडतो. नुसतं पृष्ठभागावर चिकटवणं सगळ्यात सोपं : १९१६ मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांनी इन्व्हर्टेज कोळशावर चिकटलं तरी काम करतं हे दाखवलं. हो ताई, तुमचंच एन्झाइम! सुटायलाही तितकंच सोपं, क्षार किंवा पीएच बदलला की गळालं. जपानमध्ये तनाबे कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने १९६९ मध्ये अमिनोअॅसायलेज हे एन्झाइम आयन-विनिमय करणाऱ्या (विद्युतभाराने धरून ठेवणाऱ्या) आधारावर बसवून अमिनो आम्लांचं उत्पादन सुरू केलं, कारखान्यातला तो पहिला वापर. ते गळायचं, पण त्याच स्तंभावर पुन्हा चढवता यायचं, तीच त्यातली खुबी होती.

आधाराला विद्युतभार असेल तर आणखी एक गंमत होते. ऋणभारित आधार हायड्रोजन आयन आपल्याभोवती गोळा करतो, म्हणजे मण्याच्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा कमी. एन्झाइमला सोयीचा पीएच मग बाहेरून मोजताना एक-दोन अंकांनी वर सरकलेला दिसतो. हे १९६४ मध्ये कॅट्चाल्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हेच कॅट्चाल्स्की पुढे इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले. अल्जिनेट ऋणभारित आहे, हे ताईंनी लक्षात ठेवावं. रसात मात्र क्षार पुष्कळ, त्यामुळे हा परिणाम बराच दबेल.

---

उसाचं_पेर | शनिवार, रात्री ११:३०

काका, मीटरपट्टी, सगळ्यांचे आभार. आज दिवसभर बसून केलं.

गोळ्या एक चतुर्थांश, वेळ ३ मिनिटं, तेच साखरेचं पाणी. पहिल्या फेरीत २२ टक्के साखर फुटली. दहाव्या फेरीत १०. म्हणजे माझे ९० टक्के खरं तर निम्म्यापेक्षाही कमी होते. आकडा वहीत लिहिताना घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं, पण लिहिला.

गाळलेल्या रसाची चाचणी घाण्यावरच्या रसाने केली, शेजारी गोळ्या न टाकलेला रस ठेवून. गोळ्यांवरून आलेल्या रसात साखर फुटणं चालूच राहिलं, साध्या रसापेक्षा स्पष्ट जास्त. म्हणजे गळतंय.

एक न कळलेलं : पूर्वी खोलीच्या तापमानाला केलं तेव्हा गोळ्या वर तरंगायच्या आणि काही मधून चिरायच्या. ५० अंशाला तसं होत नाही.

---

रेझिनवाला | रविवार, सकाळी ८:१५

शाबास. हा आकडा वहीत लिहिलात तिथेच निम्मं काम झालं.

खोलीच्या तापमानाला यीस्ट जिवंत असतं, साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. गोळीच्या आत बुडबुडा धरला की गोळी तरंगते, दाब वाढला की फुटते. ५० अंशाला यीस्ट मरतं, पण इन्व्हर्टेज टिकतं, कारण त्या प्रथिनावर वजनाच्या निम्म्याच्या आसपास शर्करेचं आवरण असतं. म्हणून तुम्ही ५० ते ५५ अंशच ठेवा. रसातले आंबवणारे जंतूही तिथे दबतात. मक्यापासून फ्रुक्टोजचं सिरप करणारे कारखाने ग्लुकोज आयसोमरेजचे स्तंभ ५५ ते ६० अंशाला चालवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मात्र मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं आणि त्याच्या भिंतीतलं इन्व्हर्टेज सुटं होतं. पेशी पाच मायक्रॉनची, ती जेलमधून निसटत नाही. सुटा रेणू काही नॅनोमीटरचा, तो निसटतो. तुमची गळती तिथून आहे.

पुस्तकी उपाय ग्लुटारल्डिहाइड, ते प्रथिनांना एकमेकांशी सांधून टाकतं. पण तुम्ही खायचा पदार्थ करताय. घरच्या घरी, धुण्याची आणि तपासण्याची सोय नसताना, त्याला हात लावू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. त्यापेक्षा गोळ्यांवर कायटोसानचा पातळ थर द्या. कायटोसान धनभारित, अल्जिनेट ऋणभारित, दोघं घट्ट धरतात आणि बाहेरची छिद्रं बारीक होतात. ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी गिऱ्हाइकांना बाटलीवर काय सांगायचं याचा विचार आधी करा.

---

चिपाड | रविवार, दुपारी २:००

ताई, मी बसून इचार केला. तुमी रस कुठला घेतासा? चरकाखालचा कच्चा न्हवं? त्यात माती, चिपाडाचा भुसा, समदं असतंय. आमी काहिलीत चुन्याची निवळी टाकतो, भेंडीचा चीक टाकतो, मळी वर आली की काढतो. त्यानंतरचा रस आरशावानी असतोय. त्यो घ्या की. आन् काका म्हणाले गोळीला कॅल्शियम पायजे, तर चुन्यात कॅल्शियमच असतंय न्हवं?

---

रेझिनवाला | रविवार, दुपारी २:४०

चिपाडराव, तुम्ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगितलीत. मी इतकी वर्षं शुद्ध द्रावणांत काम केलं, माझ्या डोक्यात हे आलं नाही.

चुना रसातल्या फॉस्फेटशी मिळून कॅल्शियम फॉस्फेटचा साका करतो, तोच मळी ओढून वर आणतो. म्हणजे गोळीतलं कॅल्शियम पळवणारा मुख्य चोर मळीबरोबरच बाहेर जातो, वर थोडं कॅल्शियम रसात शिल्लक राहतं. उकळीने उसाचं स्वतःचं एन्झाइम आणि जंतूही मेलेले असतात. पोटॅशियम तेवढं राहील. अडचण एकच, कच्च्या रसाचा पीएच ५.२ ते ५.४ असतो, तो इन्व्हर्टेजला आवडतो. चुन्यानंतर तो सहाच्या वर जातो, तिथे वेग घटेल. चुना हात राखून टाका.

आणि ताई, सगळा रस गोळ्यांवरून नेऊ नका. एक भाग रस पूर्ण फोडा आणि उरलेल्यात मिसळून मग काकवी आटवा. किती भाग फोडायचा ते मापाने ठरेल. मग अचूक वेळेला थांबवायची कसरतच नको.

---

दूधकट्टा | रविवार, दुपारी ४:१०

पण काका, काकवी १०५ अंशांपर्यंत आटवतातच. एन्झाइम तिथे मरणारच. मग मोकळं यीस्ट घालून नंतर उकळलं तर काय बिघडतं? यीस्ट तर स्वस्त आहे.

---

रेझिनवाला | रविवार, दुपारी ४:५५

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि पैशाच्या हिशेबाने तुमचं म्हणणं खरं. इथे यीस्टची बचत म्हणून कुणी गोळ्या करत असेल तर तो तोट्यात जाईल. ताईंच्या गोळ्यांचं कारण पहिल्याच प्रतिसादाच्या वर लिहिलेलं आहे : पावाचा वास. इथे गोळी ही बचतीसाठी नाही, यीस्टला रसापासून वेगळं ठेवण्यासाठी आहे. म्हणून त्यांच्यासाठी फेऱ्यांच्या आकड्यापेक्षा गळती जास्त महत्त्वाची. दहा फेऱ्यांऐवजी पाचच मिळाल्या तरी चालेल, पण रसात यीस्ट उतरता कामा नये. आमच्याकडे पेनिसिलीनला नेमकं उलट होतं, तिथे एकेक फेरी मोलाची.

---

मीटरपट्टी | रविवार, रात्री ९:३०

ताई, गोळ्यांचा आकारही बघा. जाड सुईने ३ मिलिमीटरची गोळी होते, तिच्या गाभ्यापर्यंत साखर पोचायच्या आधीच बाहेरच्या थरात फुटून जाते. गाभ्यातलं यीस्ट नुसतं बसून. बारीक सुईने एक-दीड मिलिमीटरची करा. फार बारीक केली तर स्तंभात रस उतरणार नाही, तेही आहेच. जवळचा साखर कारखाना ओळखीचा असेल तर तिथल्या लॅबमधून पोल बघून घ्या. सुक्रोज प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते, फुटलेली साखर डावीकडे. पोल घसरला की किती फुटली ते एका वाचनात कळतं.

---

उसाचं_पेर | पुढच्या रविवारी, रात्री १०:१५

चिपाडदादांच्या सांगण्याप्रमाणे मळी काढल्यानंतरचा रस घेतला. काहिलीतून स्टीलच्या कळशीत काढला, हौदाच्या पाण्यात ठेवून ५० अंशांवर आणला, पीएच ६.१. गोळ्या बारीक सुईच्या, कॅल्शियमच्या पाण्यात अर्ध्या तासाऐवजी दोन तास मुरवलेल्या. कायटोसान लावलं नाही. वडिलांनी सरळ सांगितलं, पंचमीला नैवेद्याला काकवी नेणारी गिऱ्हाइकं आहेत आपली.

आठ फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीनंतरची गोळी दोन बोटांत दाबून बघितली, रबरासारखी परत उसळते. रंग पांढऱ्याचा फिकट तपकिरी झालाय. वेग कमी आहे, ३ मिनिटांत फक्त ९ टक्के, म्हणून रस तासभर ठेवावा लागतो. आठव्या फेरीचा वेग पहिल्याच्या दोन तृतीयांश. गळती अजून आहे, पण बरीच कमी, तासभरात ग्लुकोमीटरचा आकडा जेमतेम हलतो.

चार भागांत एक भाग फुटलेला रस घालून गुळव्या मामांनी काकवी उतरवली. वडिलांनी चमचा तोंडात घातला. दुसराही घेतला. पावाचा वास नाही म्हणाले.

सहा बाटल्या भरून माजघरातल्या फळीवर ठेवल्यात. तीन या पद्धतीच्या, तीन सायट्रिकच्या, आणि त्यांच्या शेजारी काहीही न घातलेली एक. तारीख लिहून चिकटवलीय. शिमग्याला बुडाला बॅटरी लावून बघेन आणि इथेच लिहीन.

चिपाडदादा, एक विचारायचं राहिलं. भेंडीचा चीक जास्त पडला त्या दिवशी गोळ्यांवर बुळबुळीत थर बसला होता. तुम्ही काहिलीला किती टाकता?

---

चिपाड | पुढच्या रविवारी, रात्री १०:५०

ताई, माप न्हाई, हातावरचं काम हाय. तुमच्या गुळव्या मामांनाच इचारा, त्यास्नी ठावं असणार. न्हाईतर बुधवारी आमच्या गुऱ्हाळावर या, काहील लावायच्या आधी पोचा. चाळणी आन् गोळ्या घेऊन या. बघूया आमच्या रसात किती फेऱ्या टिकतात त्या.